तोंडी परीक्षा, तोंड न उघडता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या पानावर एका निवृत्त अधिकाऱ्यांचं पत्र वाचलं. खेड्यातल्या मुलांना इंग्रजीची गोडीच नाही, मोबाईलने त्यांची वाट लावली आहे, आणि शिक्षकांनी इंग्रजीच्या तासाला मराठी बोलायला साफ बंदी केली तर वर्षभरात फरक दिसेल, असा त्यांचा एकूण सूर. पत्र कळकळीचं होतं, त्यामुळे राग आला नाही. पण मी घाटंजी तालुक्यातल्या एका अनुदानित शाळेत आठवी-नववी-दहावीला पंचवीस वर्षं इंग्रजी शिकवते आहे, येत्या मे महिन्यात निवृत्त होईन, आणि त्यांनी सुचवलेला उपाय फार पूर्वी करून बसले आहे. तो कसा फसला तेवढंच कळवावं म्हणून लिहायला बसले. आता बघते तर पत्र बरंच लांबलंय.

नोकरीचं दुसरं वर्ष होतं. अंगात हुरूप. वर्गात जाहीर करून टाकलं, की इंग्रजीच्या तासाला जो मराठी बोलेल त्याला एक रुपया दंड. टेबलावर बोर्नव्हिटाचा रिकामा डबा ठेवला, झाकणाला चीर पाडून. पहिल्या आठवड्यात त्रेचाळीस रुपये जमले. स्टाफरूममध्ये मी तो डबा सगळ्यांना खुळखुळवून दाखवला. दुसऱ्या आठवड्यात सहा रुपये, तेही बहुतेक एकाच बडबड्या पोरीचे. तिसऱ्या आठवड्यात काहीच नाही. मला वाटलं, जमलं बुवा! तेव्हाचे मुख्याध्यापक जुन्या वळणाचे, मोजकं बोलणारे. व्हरांड्यातून जाता जाता म्हणाले, "मॅडम, तुमच्या तासाला वर्ग इतका चिडीचूप असतो, की मला वाटलं तुम्ही रजेवर आहात." मराठी बंद झाली होती, तिच्या जागी इंग्रजी काही आली नव्हती. जमलेल्या एकोणपन्नास रुपयांच्या गोळ्या आणून वर्गात वाटल्या आणि डबा घरी नेला. अजून त्यात मोहरी ठेवते.

त्या वर्षी आमच्या गावात एकाकडेही मोबाईल नव्हता. म्हणून सगळा दोष मोबाईलवर टाकताना माझी जीभ जरा अडखळते.

गंमत अशी, की एक इंग्रजी वाक्य माझ्या वर्गातल्या शंभर टक्के मुलांना येतं. "मॅडम, मे आय गो टू युरिन." व्याकरणाच्या नावाने त्यात बोंब आहे. पण आठवीपासून दहावीपर्यंत एकही मूल ते म्हणताना अडखळत नाही, लाजत नाही, आणि त्यावर कोणी हसतही नाही. म्हटल्याशिवाय बाहेर सोडत नाहीत, आणि चुकीचं तर सगळेच म्हणतात. वर्षानुवर्षं मी हे वाक्य ऐकून कपाळाला हात लावत आले. माझ्या वर्गात हीच एक इंग्रजी जिवंत आहे आणि ती का जिवंत आहे, याचा विचार करायला मात्र बराच काळ गेला.

बाकी वेळी काय होतं? एखादी मुलगी धीर करून उभी राहते आणि म्हणते, "माय मदर कॉटन पिक्स." मागून लगेच आवाज येतो, "लय इंग्रजी झाडून राह्यली बापा!" चुकलं तर हसतात आणि बरोबर आलं तर जास्त हसतात. ती खाली बसते ती मार्चपर्यंत पुन्हा उठत नाही. आता त्या वाक्यात झालं काय होतं? शब्द सगळे इंग्रजी आणि मांडणी मराठी. माझी आई कापूस वेचते, तस्संच्या तसं, क्रियापद शेवटी. पोरीने डोकं चालवलं होतं. गाईडातलं पाठ केलेलं निर्दोष वाक्य घडाघडा म्हणणाऱ्या पोरापेक्षा ती भाषेच्या कितीतरी जवळ आली होती. हे मला कळायला बारा-तेरा वर्षं लागली. तोवर मी तिथल्या तिथे "पिक्स कॉटन, पिक्स कॉटन" म्हणून दुरुस्त करत होते. माझी दुरुस्ती म्हणजे वर्गाला हसायची परवानगीच असायची.

खरं तर मला हे लवकर कळायला हवं होतं. मी मराठी माध्यमाची, आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून. बी.एड.ला पाठ देताना 'रिसीट' हा शब्द मी त्यातल्या 'पी'सकट 'रिसिप्ट' असा वाचला. मागे बसलेले निरीक्षक हसले, त्यांचं बघून वर्ग हसला. पुढे दहाएक वर्षं मी पावतीला पावतीच म्हणत आले, बँकेतसुद्धा. आणि तरी नोकरीला लागल्यावर दंडाचा डबा ठेवणारी मीच!

बोर्डाच्या कागदावर इंग्रजी ही तृतीय भाषा. माझ्या वर्गात येऊन बघा. बावन्न मुलं. निम्म्याहून जास्त बंजारा तांड्यांवरची, घरी गोरबोली बोलणारी. सात-आठ कोलाम आदिवासींच्या पोडांवरची, म्हणजे वस्त्यांवरची, त्यांची कोलामी. उरलेली वऱ्हाडी बोलणारी, म्हणजे पुस्तकातली मराठी त्यांनाही शाळेत आल्यावरच भेटते. तांड्यावरच्या पोराला मराठी, हिंदी आणि मग इंग्रजी, म्हणजे ती चौथी पडते. दहाव्या वर्षी तीन भाषांत धडपडणारं हे पोर चौथीत गप्प बसलं, की आपण त्याला मठ्ठ म्हणून मोकळे होतो.

एकदा दिवाळीनंतरचे दिवस होते. कापसाच्या वेचणीमुळे वर्ग अर्धा रिकामा. नवीन काही शिकवण्यात अर्थ नव्हता, म्हणून फळ्यावर चार रकाने आखले. गोरबोली, वऱ्हाडी, पुस्तकी मराठी, इंग्रजी. एका पोराने पहिल्या रकान्यात 'याडी' सांगितलं. पुढे माय, आई, मदर. मग घरातल्या वस्तू निघाल्या, मग वावरातल्या, मग शिव्यांच्या आसपास गाडी जायला लागली तेव्हा मी थांबवलं. पहिल्या रकान्यात मी पक्की ढ. एकेक शब्द दोनदा-तीनदा विचारावा लागत होता आणि तांड्यावरची पोरं एकदम मास्तर झाली होती.

भिंतीकडच्या बाकावर एक कोलाम मुलगी बसायची. दीड वर्षात मी तिच्या तोंडून "प्रेझेंट मॅडम" याखेरीज काही ऐकलं नव्हतं, मराठीतसुद्धा नाही. मी पाचवा रकाना आखला आणि तिला पाण्याला काय म्हणतात ते विचारलं. तिने सांगितलं. मी म्हणून बघितलं, चुकलं. पुन्हा म्हटलं, पुन्हा चुकलं. वर्ग हसला, या खेपेला मला. तिसऱ्यांदा तिने माझ्याकडे बघत तो शब्द सावकाश, तुकडे पाडून म्हटला, अगदी मी त्यांना 'अम्ब्रेला' म्हणायला शिकवते तसा. आणि हसली. त्यानंतर ती फडाफड इंग्रजी बोलायला लागली असं काही झालेलं नाही. पण दुसऱ्या दिवशी हजेरी झाल्यावर तिने आपणहून विचारलं, "मॅडम, शब्द पाठ झाला का?" झाला नव्हता. मी सॉरी म्हटलं.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लांबलं तिच्याकडे येते.

२०१७ चा पावसाळा यवतमाळ जिल्ह्यात कोणी विसरणार नाही. कपाशीवर फवारणी करता करता वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर विषबाधेने गेले, शेकडो जण दवाखान्यात पडले. आमच्या गावचे दोघं यवतमाळला भरती होते. दोघंही परत आले. त्यातल्या एकाचा मुलगा पुढच्या वर्षी माझ्या नववीत होता. नाव लिहीत नाही. मागून दुसरा बाक, खिडकीकडचा. जून गेला, जुलै गेला, पोराने तोंड उघडलं नाही. वही कोरी. विचारलं की "मले नाई येत जी" एवढंच. स्टाफरूममध्ये त्याच्यावर शिक्का बसून गेला होता.

ऑगस्टमध्ये आज्ञार्थी वाक्यं घ्यायची होती. ओपन द डोअर, क्लोज द विंडो. आमच्या वर्गाला दार आहे, पण खिडक्यांची तावदानं कधीच गेली, त्यामुळे त्यातलं अर्धं व्याकरण तिथेच निकालात निघालं. मी मुलांना सांगितलं, उद्या घरून फवारणीच्या औषधासोबत येतो तो घडीचा कागद आणा. नुसता कागद, बाटली आणायची नाही. तीनदा बजावलं. तरी दुसऱ्या दिवशी एक पोरगी धुतलेली बाटली घेऊन आलीच. मुख्याध्यापक (हे नवे) दारातच म्हणाले, "मॅडम, वर्गात विष आणता का?" त्यांचंही बरोबरच होतं. बाटली जप्त झाली, हात धुवून झाले. कागद उरले एकोणीस.

शहरातल्या वाचकांनी हा कागद पाहिला नसेल. उलगडला की हातभर लांब, अक्षर मुंगीएवढं, एका खाली एक भाषा. आमच्या हातात आलेल्या काहींवर मराठीही होती, पण इतकी बोजड की ती समजावून द्यायला मराठीचे सर बोलवावे लागले असते. बाटलीवर एक चौकोन असतो, टोकावर उभा केलेला. खालच्या अर्ध्या भागात रंग, वरच्यात शब्द. तो मी फळ्यावर रंगीत खडूने काढला. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. रंगांची उतरण मुलांना माझ्याआधी ठाऊक होती. शब्द नव्हते ठाऊक. लाल आणि पिवळ्यावर 'पॉयझन', निळ्यावर 'डेंजर', हिरव्यावर 'कॉशन'. "हिरवं म्हंजे चालते ना मॅडम?" असं निम्म्या वर्गाचं मत. चालत नाही, तेही विषच आहे, फक्त सगळ्यात सौम्य, हे 'कॉशन' या एका शब्दावरून सांगण्यात दहा मिनिटं गेली. एरवी एका शब्दावर दहा मिनिटं कोणी टिकलं नसतं.

मग एकेक वाक्य. "डू नॉट इट, ड्रिंक ऑर स्मोक व्हाइल स्प्रेइंग." त्यावर एक जण म्हणाला, "आमचा बुढा तं बिडी ओढतच फवारते." सगळे हसले, पण ते हसणं वेगळं. पुढचं वाक्य होतं, "स्प्रे इन द डायरेक्शन ऑफ विंड." मी अर्थ सांगितला, वाऱ्याच्या दिशेने फवारा. तेवढ्यावर थांबायचं ना? मी आपल्या मनचं स्पष्टीकरण जोडलं, की वारा समोरून आला म्हणजे औषध पानांवर नीट बसतं. मी जन्मात कधी पाठीवर पंप घेतलेला नाही.

मागून दुसऱ्या बाकावरून आवाज आला, "नाई जी."

तो उभा होता. मी विचारलं, मग कसं? त्याने एक हात खांद्याच्या मागे नेला, मग छातीवर ठेवला, मग समोर दूर ढकलला, आणि म्हणाला, "मॅडम, विंड दिस साइड, मॅन मिडल, स्प्रे दॅट साइड."

वारा पाठीवर घ्यायचा, म्हणजे औषध पुढे जातं, अंगावर येत नाही. मी जे सांगितलं होतं त्याच्या बरोबर उलट. वर्गात कोणी हसलं नाही. मॅडम चुकल्या होत्या, तो बरोबर होता, आणि त्याच्या घरी आदल्या वर्षी काय झालं हे सगळ्यांना माहीत होतं. त्या तीन तुकड्यांत एक क्रियापद नाही. मी ते घातलं नाही. त्याच्या हातात खडू दिला. त्याने बाण काढला, माणूस काढला, माणसापुढे ठिपके काढले. चित्राखाली मी त्याचं वाक्य त्याने म्हटलं तसंच लिहिलं.

पुढचा अर्धा तास तोच शिकवत होता म्हणा ना. कागदावर औषधाचं माप हेक्टरला आणि मिलीलिटरमध्ये दिलेलं असतं. गावात हिशोब पंपाचा आणि झाकणाचा. पंधरा लिटरचा पंप, पंपाला इतकी झाकणं. हेक्टरवरून झाकणावर यायला आम्हाला गणिताची मदत घ्यावी लागली, आणि 'पर हेक्टर', 'पर पंप', 'हाफ कॅप' हे शब्द वर्गात उडायला लागले. शेवटी कागदाच्या तळाशी 'अँटिडोट' आला. उतारा. पुढे ॲट्रोपिन लिहिलेलं. विषबाधा झाली तर दवाखान्यात जाताना हा कागद किंवा बाटलीचं लेबल सोबत न्यायचं, म्हणजे अंगात काय गेलं ते डॉक्टरांना लगेच कळतं, हे मी सांगितलं. तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. तास संपल्यावर टेबलापाशी आला. "मॅडम, आमी तं कागद जाळला होता." एवढंच म्हणाला. मलाही पुढे काही बोलता आलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने वहीच्या पहिल्या पानावर 'अँटिडोट'चं स्पेलिंग लिहून आणलं होतं. त्या वहीतलं ते पहिलं इंग्रजी.

दहावीला त्याला इंग्रजीत ४१ मिळाले. हे मुद्दाम सांगते, कारण अशा गोष्टी पेपरात येतात तेव्हा शेवटी पोरगा कलेक्टर झालेला असतो. हा एका कृषी केंद्रात कामाला आहे. मधूनमधून व्हॉट्सॲपवर एखाद्या लेबलचा फोटो पाठवतो आणि अडलेल्या शब्दाला गोल करतो. मोबाईलने वाट लावली म्हणणाऱ्यांच्या माहितीसाठी.

आणि त्या ४१ मधले १८ माझे आहेत.

दहावीला इंग्रजीचा लेखी पेपर ८० चा आणि शाळेतल्या अंतर्गत परीक्षेचे २०, त्यात ऐकणं-बोलणं तपासायचं असतं. घेणारे आम्हीच, गुण देणारेही आम्हीच. पुष्कळ शाळांत ते कसं होतं हे या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. फेब्रुवारीत एक दिवस गुणांचा तक्ता समोर घ्यायचा आणि खालपर्यंत १८, १९, १८, १७, १९ असे आकडे भरत जायचं. खरं वाटावं म्हणून दोन-चार ठिकाणी १५ टाकायचे. बावन्न मुलांची तोंडी परीक्षा वीस मिनिटांत आटोपते आणि कोणाच्या तोंडातून शब्द निघत नाही. मीही वर्षानुवर्षं हेच केलं. ज्या मुलाने भर वर्गात इंग्रजीतून माझी चूक दाखवली, त्याचीही तोंडी परीक्षा मी घेतली नव्हती. १८ लिहिले आणि खालच्या नावावर गेले.

अठरा हातात आले, की पस्तीसला लेखीचे सतराच लागतात. ऐंशीपैकी सतरा कसे काढायचे त्याची आम्ही वेगळी तयारी करून घेतो. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोध, तो सापडला की ती पूर्ण ओळ उतरव. कवितेच्या रसग्रहणाला गाईडातली चार वाक्यं पाठ कर आणि कुठलीही कविता येवो, तीच लाव. पत्राचा मायना पाठ कर. मूल हुशार असतं. दोन महिन्यांत त्याला कळतं, की इथे बोलायची कोणालाच गरज नाही, आणि बोललं तर हसू तेवढं होतं. मग ते बोलत नाही. मला विचाराल तर तो शहाणपणा आहे. 'निरुत्साही विद्यार्थी' हे नाव आपण त्याला नंतर देतो.

२०१९ साली भाषांचे हे अंतर्गत गुण काढून पूर्ण शंभरचा लेखी पेपर झाला होता. त्या वर्षी अभ्यासक्रमही नवा होता हे खरं, पण राज्याचा दहावीचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. केवढी ओरड झाली! पुढच्या वर्षी वीस गुण परत आले आणि निकाल ९५.३० टक्के. गुण द्यावेत की काढावेत यावर तेव्हा भरपूर बोललं गेलं. ते ज्या बोलण्याचे होते ते बोलणं कधी होतं का, हे विचारलेलं निदान माझ्या कानावर आलं नाही. गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, पहिलीपासून हिंदी नको म्हणून महाराष्ट्र पेटून उठला आणि जूनअखेर सरकारने ते निर्णय मागे घेतले. चांगलंच झालं. पण इंग्रजी पहिलीपासून २००० सालीच सुरू झाली. त्या वर्षी पहिलीत बसलेली पोरं आता तिशीत आहेत. पंचवीस वर्षांत तिचं काय झालं, हे एकदा त्यांनाच बोलावून विचारायला हरकत नव्हती.

तर गेली दोन वर्षं मी तोंडी परीक्षा खरी घेते. एकेकाला पाच मिनिटं. बावन्न मुलांचे २६० मिनिटं, म्हणजे आमच्या वेळापत्रकातले साधारण सात तास. आभाळ कोसळत नाही. शाळेमागच्या कडुनिंबाखाली दोन खुर्च्या टाकते, बाकीचा वर्ग आत, म्हणजे ऐकणारं कोणी नको. विषय आदल्या दिवशी सांगितलेला असतो. तुला येतं आणि मला येत नाही असं काहीतरी मला इंग्रजीत सांग. हातवारे चालतील, अडलं तर एखादा मराठी शब्द चालेल, पाठ केलेलं चालणार नाही. एका मुलाने पंक्चर काढायला शिकवलं. "ट्यूब इन वॉटर. बबल कम. देअर होल." एकीने भाकरीचं पीठ मळायला शिकवलं, "हॉट वॉटर, नो क्रॅक." एक जण म्हणाला, "लाईट कम नाईट टू ओ'क्लॉक. फादर गो मोटर. आय गो, बॅटरी." रात्री दोनला शेतातली लाईट येते तेव्हा बाप मोटार चालू करायला जातो आणि हा बॅटरी धरतो, म्हणून हा पहिल्या तासाला पेंगतो, हे मला त्या दिवशी कळलं, आणि कळलं तेही इंग्रजीतून. एक मुलगा मात्र पाचही मिनिटं निंबोळ्यांकडे बघत बसला आणि शेवटी "सॉरी मॅडम" म्हणून उठला. सगळ्यांना हे औषध लागू पडतं असं मी म्हणत नाही.

पहिल्या वर्षी गुण ६ पासून २० पर्यंत पडले. आठवड्याच्या आत एक पालक आले. मुलीला ११. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, बाजूच्या गावच्या शाळेत सगळ्यायले अठरा-एकोणीस भेटले. माह्या पोरीनं का घोडं मारलं?" त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. अकरावीच्या प्रवेशाला तिचे ११ आणि त्या मुलांचे १९ एकाच यादीत बसणार होते. मी ११ चे १५ केले. मग एकीचेच का, म्हणून सगळ्यांचेच वाढवले. सहाचे दहा झाले आणि पंधराचे एकोणीस. मी हे अभिमानाने सांगत नाही. म्हणून तर हे पत्र लिहिते आहे. एकट्या शाळेने खरी परीक्षा घेतली, की शिक्षा तिच्याच मुलांना होते.

बोर्डाकडे माझं मागणं साधं आहे. बारावी सायन्सच्या प्रॅक्टिकलला बाहेरचा परीक्षक येतो. तसा दहावीच्या इंग्रजीच्या तोंडीला शेजारच्या शाळेतला इंग्रजीचा शिक्षक येऊ दे. आमच्याकडे त्यांचा, त्यांच्याकडे आमचा. विषय मुलाने निवडायचा, पाठांतर दिसलं की थांबवायचं. पहिल्या वर्षी निकाल घसरेल आणि ओरड होईल. होऊ द्या. दुसऱ्या वर्षी जूनपासूनच वर्गात बोलणं सुरू झालेलं दिसेल, कारण बोलल्याशिवाय बाहेर सोडत नाहीत हे मुलांना कळलेलं असेल. मे आय गो टू युरिनसारखंच. निवृत्त अधिकाऱ्यांनाही आग्रहाचं बोलावणं आहे, येत्या फेब्रुवारीत कडुनिंबाखाली तिसरी खुर्ची टाकते. फक्त त्यांनी हसायचं नाही.

वाचकांच्या पत्रांना जागा कमी असते हे मला ठाऊक आहे. लांबी कापावी लागली तर निकालाचे आकडे कापा, माझ्या रिसिप्टची गोष्ट कापा, मोहरीचा डबा कापा. त्या मुलाचं वाक्य मात्र ठेवा. आणि आपल्याकडच्या मुद्रितशोधकांना माझी हात जोडून विनंती, त्यात क्रियापद घालू नका.

आपली,
इंग्रजीची एक शिक्षिका
ता. घाटंजी, जि. यवतमाळ

(माझं आणि शाळेचं नाव छापू नये. गुण वाढवल्याचं वर लिहून बसले आहे.)